आई "एकटी राहते" की नाही? गावचं घर, दोन चुली आणि मधलं बंद दार

माडाखालची

बरेच दिवस लिहू की नको करत होते. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

गेल्या श्रावणात आई न्हाणीघरात घसरून पडली. सकाळचे साडेसहा. देवगडच्या खाडीकाठी आमचं घर. वाडीत एकूण अकरा घरं, त्यातली सात बंद. ती गणपतीला आणि मे महिन्यात उघडतात. आईला उठता येईना. हाका मारल्या, पण पाऊस असा कोसळत होता की कौलांच्या आवाजात तिला स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. साडेदहाला पाववाला आला. टोपलीवर प्लास्टिक घालून तो भर पावसातही येतो. खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, पायरीशी सायकल टेकवून भोंपू वाजवतो आणि आई डबा घेऊन बाहेर येते. त्या दिवशी त्यानं तीनदा वाजवला. आई आली नाही. बघतो तर मागच्या पडवीतून धूरही नाही. म्हणून तो मागच्या दारी गेला. तोवर चार तास आई ओल्या फरशीवर पडून होती. खुबा वाचला, मनगटावर निभावलं.

आता यातली खरी गोष्ट सांगते. त्याच घरात, मधल्या भिंतीपलीकडे, माझी काकू राहते. वय ७४. तीही एकटी. घर एक, आढं एक, खळं एक. १९९४ मध्ये बाबा आणि काका वेगळे झाले तेव्हा चुली दोन झाल्या. माजघरात मधे दार होतं, त्याला दोन्हीकडून कड्या लागल्या आणि आईनं आपल्या बाजूनं त्यापुढे कपाट ठेवलं. आज दोघे भाऊ नाहीत. भांडण केव्हाच विरलं. माशाचं कालवण इकडून तिकडे जातं, पण पुढच्या दारानं, वळसा घालून. त्या सकाळी काकूला काहीच ऐकू आलं नाही. ती पलीकडे चहा पीत बसली होती. हे ती आजही सांगताना रडते.

दवाखान्यात भेटायला आलेल्या प्रत्येकानं मला विचारलं, "एकटी ठेवलीत कशी?" झोप लागेना, तेव्हा मी वाचायला बसले की जगात म्हातारी माणसं राहतात तरी कशी. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या विभागाचा २००५ चा एक मोठा अहवाल आहे. त्यात साठीपुढच्या दर सात माणसांत एक एकटं राहतं असं म्हटलंय, म्हणजे तेव्हा सुमारे ९ कोटी, त्यातल्या ६ कोटी बायका. प्यू या अमेरिकी संस्थेनं २०२० मध्ये १३० देशांची तुलना केली. अमेरिकेत साठीपुढचे २७ टक्के लोक एकटे राहतात, त्या सगळ्या देशांचा मिळून आकडा १६. आपल्याकडे २०१७-१८ मध्ये ज्येष्ठांची देशभर पाहणी झाली, तिला लासी म्हणतात. त्यात एकटे राहणारे सुमारे ६ टक्के आणि नवरा-बायको दोघंच राहणारे सुमारे २० टक्के निघाले.

हे वाचून आधी वाटलं, बघा, आपल्याकडे अजून बरं आहे. मग या मोजणीत "एकटं" कुणाला म्हणतात ते शोधलं. आपल्या जनगणनेत कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. म्हणजे चूल मोजतात. माझी आई आणि काकू एका आढ्याखाली राहूनही एकेकट्या. आणि उद्या मी आईला ठाण्याला आणलं, सकाळी आठ ते रात्री आठ कुलूपबंद फ्लॅटमध्ये ठेवलं, तर कागदावर ती कुटुंबात.

हे मला फार लागलं. हाक मारली तर ती ऐकू जाईल इतक्या अंतरावर कोण आहे, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. आईचं म्हणणं एकच, "माका हयच बरा वाटता गो. थय दिवसभर दार लावन बसाक लागता."

तुमच्या घरी काय केलंत? खरं खरं सांगा.

घोडबंदर१४वामजला

तुमच्या आईचं ते वाक्य वाचून हात थांबला. माझी आई गुहागरची, सहा वर्षं आमच्याकडे आहे. स्वतंत्र खोली, कमोड, पकडायला दांड्या, सगळं केलंय. आम्ही दोघं आठला निघतो, मुलगी कॉलेजला. कामवाली अकराला जाते. त्यानंतर संध्याकाळी सातपर्यंत घरात कुणी नाही.

मागे वॉचमननं मला बाजूला घेऊन सांगितलं की आजी रोज दुपारी इंटरकॉमवरून विचारतात, लाइट आहे का. लाइट असतो. तिच्या डोक्यावर पंखा फिरत असतो. तिला फक्त पलीकडून कुणीतरी "हो आजी, आहे" म्हणायला हवं असतं. मी गाडीत बसून रडलो त्या दिवशी. तुमच्या आईला आणू नका असं म्हणत नाही, पण आणलं म्हणजे सुटलो, असं होत नाही.

सुपारीची_बाग

मी शहात्तर वर्षांचा. निवृत्त शिक्षक. दापोली तालुक्यात समुद्राला लागून असलेल्या गावात एकटा राहतो, म्हणून या विषयावर बोलायचा मला हक्क आहे असं समजतो.

पत्नी गेल्यावर मुलानं पुण्याला नेलं. आठ महिने राहिलो. मुलगा-सून दोघंही मायेची. पण तिथे माझ्याकडून कुणाला काही नको होतं. गावी सकाळी उठलो की शिपणं करायचं असतं, पोफळींना पाणी फिरवायचं असतं, खाली पडलेली झापं ओढायची असतात. कुणाला अर्ज लिहून हवा असतो, कुणाच्या नातवाला गणित अडलेलं असतं. पुण्यात मी पाहुणा होतो. मुक्काम आठ महिन्यांचा झाला तरी पाहुणा तो पाहुणाच. परत आलो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी याच घरात होतो. दुपारी वारा असा फिरला की कौलं पत्त्यांसारखी उडाली. मी देवघराच्या कोपऱ्यात पाट डोक्यावर धरून बसलो होतो. बागेतल्या पोफळी एकावर एक आडव्या झाल्या, चाळीस वर्षांची लागवड तासाभरात गेली. वीज कित्येक आठवडे नव्हती, फोन नव्हता. मुलगा पुण्यात, टाळेबंदी, त्याला तीन दिवस कळेना की बाप आहे की नाही. वारा उतरल्यावर पहिल्यांदा आला तो शेजारच्या वाडीतला मुलगा, कोयतीनं वाट तोडत. पाणी दिलं आणि म्हणाला, "गुरुजी, आमच्याकडं चला." नात्यातला नाही, जातीतलाही नाही.

म्हणून माझं सांगणं असं. आम्हाला कुठे ठेवायचं हे ठरवण्याआधी आम्हाला विचारा. आणि विचारताना "इथे की तिथे" एवढंच विचारू नका. इथे राहायचं तर काय लागेल, ते विचारा. मला दोनच गोष्टी लागतात. रात्री न्हाणीपर्यंत जाणारा दिवा आणि सकाळी माझं पुढचं दार उघडलं की नाही हे बघणारं एक माणूस.

ओसाकाहून

गुरुजी, तुम्ही म्हणता ते "दार उघडलं का" बघणं जपानमध्ये यंत्रावर सोपवलंय. पाणी गरम ठेवायची विजेची किटली इथे घरोघर असते. झोजिरुशी कंपनीनं २००१ मध्ये अशी किटली आणली की म्हातारीनं चहासाठी पाणी घेतलं की त्याची खबर दूरच्या मुलाला जाते. दिवसभर किटली वापरलीच नाही, तर मुलानं फोन करायचा. तुमच्या पाववाल्यानं पडवीतला धूर पाहिला, तेच काम.

इथली दुसरी बाजूही सांगते. एकट्यानं घरात मरण येणं आणि ते उशिरा कळणं याला जपानीत वेगळा शब्द आहे, कोदोकुशी. २०२४ मध्ये घरी एकटे असताना वारलेल्यांची पोलिसांकडची संख्या ७६ हजारांवर होती, त्यात ५८ हजारांवर माणसं पासष्ट किंवा त्यापुढची. हा देश म्हाताऱ्यांसाठी काही करत नाही असं नाही. २००० पासून शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे. चाळिशीपासून प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो आणि पुढे गरज पाहून सात पायऱ्यांपैकी एका पायरीत बसवतात. त्यावर ठरतं की आंघोळ घालायला आठवड्यातून किती वेळा माणूस येईल. माझ्या शेजारच्या आजींकडे मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. त्या दिवशी आजी केस विंचरून तयार बसलेल्या असतात.

आणि बंद घरं! २०२३ च्या पाहणीत इथे ९० लाख घरं रिकामी निघाली. खेड्यात गेलं की अगदी आपलं कोकण. अंगणात गवत, दाराला गंजलं कुलूप, आणि मधेच एखाद्या घराबाहेर वाळत घातलेलं एकच लुगडं असावं तसा एकच टॉवेल.

सातबारा

भावनेचं सगळे बोलतायत, मी कागदाचं बोलतो. बरीच वर्षं तालुक्याच्या कोर्टात वकिली केली आहे.

माडाखालची, तुमच्या आईच्या न्हाणीघराची फरशी कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. कोकणातल्या जुन्या घरांची हीच गोम. वाटप तोंडी, चुली वेगळ्या, पण घरपट्टीच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव आणि खाली बारा-चौदा वारस मुंबईत. घरात संडास बांधायचा म्हटलं तरी कुणीतरी चुलत हरकत घेतो की हा हक्क सांगणार. ऐंशी वर्षांची बाई रात्री विजेरी घेऊन परसात जाते, ती पैसा नाही म्हणून नव्हे, संमतीची सही नाही म्हणून. मी अशा चार प्रकरणांत हात जोडून सह्या मिळवल्या आहेत.

दुसरं, घर मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावे करून देण्याची घाई करू नका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढे सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र न्यायाधिकरण रद्दबातल ठरवू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये अट होती हे दिसलं पाहिजे यावर बोट ठेवलं, जानेवारी २०२५ च्या निकालात कायदा ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे वाचला. तरी माझं सांगणं, अट दस्तातच लिहून घ्या. "मुलगाच आहे, त्याला काय लिहून मागायचं" असं म्हणणारे लोक पुढे माझ्या ओट्यावर येऊन बसलेले मी पाहिले आहेत. अर्ज प्रांत कार्यालयात करायचा, पोटगी महिन्याला १० हजारांपर्यंत मिळू शकते.

चिपळूणची_सून

सगळं वाचलं. आता मला बोलू द्या, थोडं कडक वाटेल.

चूल मोजतात म्हणालात. चुलीपुढे कोण उभं आहे ते मोजतात का? आमच्याकडे सासू-सासरे दोघंही आहेत, ८१ आणि ८६. नवरा मुंबईला, पंधरा दिवसांनी येतो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. हा आकडा लोक कौतुकानं सांगतात. तो कौतुकाचा नाही, पुरुष बाहेर गेल्याचा आहे. मागे राहतात म्हातारे आणि आमच्यासारख्या सुना. कागदावर आमचं "एकत्र कुटुंब". प्रत्यक्षात एका बाईच्या पाठीवर दोन माणसं.

सासऱ्यांना रात्री तीनदा उठवावं लागतं. सासूबाईंना मधुमेह, त्यांचं वेगळं शिजवायचं. मी चार वर्षांत माहेरी दोन रात्रींहून जास्त राहिले नाही. मला त्यांचा राग नाही, त्यांनी मला लेकीसारखं वागवलंय. पण धागा सुरू झाल्यापासून "आईला कुठे ठेवायचं" हेच चाललंय. जी ठेवून घेते तिला काय लागतं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. सिंगापूरमध्ये आईवडिलांसोबत किंवा चार किलोमीटरच्या आत जुनं घर विकत घेणाऱ्याला सरकार अनुदान देतं असं वाचलंय. निदान कुणीतरी हे काम आहे असं मानतं.

माडाखालची

चिपळूणची सून, तुम्ही बोललात ते बरं झालं. माझ्या सगळ्या लिहिण्यात ही बाजू आलीच नव्हती. मी लेक आहे, लेकीला परत जायला ठाणं असतं.

वकीलसाहेब, तुमचं अचूक. न्हाणीघर मागच्या पडवीत आहे आणि पडवी सामायिक. चुलत्यांची मुलं वसईला आणि एक मस्कतला. फोन करते.

वाडीवाडीतून

मी वीस वर्षं गावोगाव फिरून आरोग्याचं काम करते. एकट्या माणसाच्या घरात शिरल्यावर मी काय बघते ते सांगते. उतरंडीत, डब्यात काय आहे ते बघते. चहा आणि खारी यावर दिवस काढणारी कितीतरी माणसं आहेत. एकट्यासाठी पेज करायचा कंटाळा येतो हो. मग गोळ्यांची पाकिटं मोजते. रक्तदाबाची गोळी "बरं वाटतंय" म्हणून बंद केलेली असते. आणि पायात काय आहे ते बघते. झिजलेली स्लीपर आणि शेवाळलेली पायरी, श्रावणात पडणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्या मला तिथेच भेटतात. पायरीला दर पंधरवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं घासा. मागच्या दाराला बाहेरून उघडेल अशी कडी ठेवा. किल्ली शेजारी द्या.

सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. आईचं आणि काकूचं काढलंय का? १४५६७ हा ज्येष्ठांचा मदतीचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा, खडूनं नको, रंगानं.

डेन्मार्कमध्ये १९९६ पासून लागू झालेल्या कायद्यानं पंचाहत्तरीपुढच्या माणसाला घरी भेट देऊ करण्याची जबाबदारी नगरपालिकेवर टाकली. आजारी असो नसो, कुणीतरी येऊन बसायचं, विचारायचं. हे मला एका प्रशिक्षणात सांगितलं तेव्हा मी म्हटलं, हेच तर आम्ही करतो, फक्त आमच्याकडे वह्या फार भरायच्या असतात आणि बसायला वेळ नसतो.

घोडबंदर१४वामजला

फ्रान्समध्ये २०१७ पासून टपाल खात्यानं अशीच सेवा काढली. मुलांनी दरमहा पैसे भरायचे, पोस्टमन आठवड्यातून ठरलेल्या वारी आईवडिलांच्या दारात थांबणार आणि कशी आहेत ते कळवणार. आपल्याकडे मनीऑर्डर घेऊन येणारा पोस्टमन पत्र वाचून दाखवायचा, उत्तर लिहून द्यायचा, आजीच्या हातचा चहा घ्यायचा. गिरणीतला मुलगा आणि गावची आई यांच्यामधला तो एकच माणूस होता. माझ्या आजीला त्याच्या घरच्यांची नावंसुद्धा पाठ होती.

सुपारीची_बाग

माडाखालची, एक विचारू? घरात मधलं दार आहे म्हणालात. ते अजून बंदच आहे का?

माडाखालची

गुरुजी, तुमचा प्रश्न वाचला तेव्हा मी ठाण्याला होते. दोन दिवस डोक्यात तोच. शनिवारी कोकणकन्येनं उतरले. आईला काही बोलले नाही, काकूकडे गेले आणि विचारलं. काकू म्हणाली, "माझ्याकडची कडी कधीच काढलेली आसा. तुझे काका गेले त्या वर्षीच." सोळा वर्षं! आणि आईला हे माहीतच नव्हतं, कारण आमच्या बाजूला कपाट.

रविवारी मी आणि पाववाल्याचा भाऊ, दोघांनी कपाट हलवलं. त्यात बाबांची धोतरं, पितळी समया आणि वाळवीनं खाल्लेली पंचांगं निघाली. कडी गंजली होती, खोबरेल घालून घालून सुटली. दार फुगलं होतं, पूर्ण उघडत नाही, माणूस तिरपं होऊन जाईल एवढंच. आई बाजूला उभी राहून बघत होती, तोंडातून शब्द नाही. मग पलीकडून काकूनं डोकं आत घातलं आणि म्हणाली, "वयनी, तुमची पाल अजून तशीच आसा काय?" माजघराच्या वाशावर एक पाल असायची, काकूला तिची भीती. आई हसली. मला वाटतं या घरात दोघींना एकत्र हसताना मी लहानपणानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

चुली एक होणार नाहीत, हे दोघींनी स्पष्ट सांगितलं. आई तिखट खाते, काकूला चालत नाही, आणि दोघींनाही आपापलं भांडं आपल्या जागी हवं. जनगणनेत दोन एकट्या बायका म्हणूनच लागतील. पण रात्री कडी लावायची नाही असं ठरलंय. काकूला कमी ऐकू येतं, म्हणून आईच्या उशाशी देवघरातली घंटा ठेवली आहे आणि काकूची खाट सरकवून मधल्या दाराशी आणली आहे. आम्ही घंटा वाजवून बघितली. पहिल्यांदा काकूला ऐकू आली नाही. दुसऱ्यांदा दार जेवढं उघडतं तेवढं ओढून धरलं तेव्हा आली. म्हणजे सुताराला बोलवून दार तासावंच लागेल, तो गुरुवारी येतो म्हणालाय. पाऊस धरला तर घंटाही पुरणार नाही, म्हणून विजेची बेल बघतेय. बॅटरीवर चालणारी कुणाला माहीत असेल तर सांगा, आमच्याकडे श्रावणात लाइट टिकत नाही.

पाववाल्याला मी पैसे देऊ केले, दरमहा, नुसतं बघून जाण्याचे. घेतले नाहीत. मग आईनंच तोड काढली, आता ती दोघींचे मिळून रोज सहा पाव घेते.

वसईच्या भावानं पडवीसाठी सही द्यायला हो म्हटलंय. मस्कतच्याचा फोन लागत नाही.

चिपळूणची_सून

बॅटरीची बेल आमच्याकडे आहे, सासऱ्यांच्या खाटेला बांधलेली. तीनशे-साडेतीनशेला मिळते, बटण गळ्यात अडकवता येतं. पावसात सेल लवकर जातात, दोन जास्तीचे तांदळाच्या डब्यात ठेवा. दुकानाचं नाव खासगी संदेशात पाठवते.